एकदाही न घातलेला जोड

फक्त एक फोटो काढायचा, एवढंच ठरलं होतं. तोही सुताराला पाठवायला.

झालं असं, की एका शनिवारी सकाळी कवळीवाल्यांनी आपलं बुटांचं कपाट उघडलं आणि कपाटाचं दार त्यांच्या हातात आलं. अख्खं दार. बिजागरी सव्वीस वर्षांची होती, तिलाही कधीतरी निवृत्त व्हायचं असणारच. दार दोन्ही हातांनी छातीशी धरून (बेशुद्ध पडलेल्या नातेवाइकाला धरावं तसं) ते जागच्या जागी उभे राहिले आणि त्यांनी मुलीला हाक मारली.

"अगं, जरा एक फोटो काढ. सुताराला पाठवू."

मुलीने फोटो काढला. सुताराला पाठवला. आणि तिच्या म्हणण्याप्रमाणे 'सहजच' इंटरनेटवरच्या आपल्या पानावरही टाकला. सुताराचं उत्तर आजतागायत आलेलं नाही. बाकीच्या जगाचं मात्र अर्ध्या तासात आलं.

कवळीवाले हे त्यांचं आडनाव नव्हे. सत्तावीस वर्षं ते एका लॅबमध्ये कवळ्या बनवतात. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप पाठवतात आणि हे त्यावरून मेण, प्लास्टर, घासणं, पॉलिश असं करत करत दात घडवतात. शहरातली हजारभर माणसं त्यांच्या हातचे दात लावून जेवतात आणि त्यांतल्या एकालाही ते ओळखत नाहीत. असा हा सज्जन, सावकाश माणूस. व्यसन एकच, स्पोर्ट्स शूज. त्यांच्या भाषेत 'बूट'. कपाटात अडतीस जोड होते. स्वतः ते कधी धावल्याचं कोणी पाहिलेलं नाही, सुटणाऱ्या बसमागेसुद्धा नाही. त्यांची बायको कॉलेजात ग्रंथपाल आहे. ती पाहुण्यांना सांगायची, "आमच्याकडे माणसाच्या वरच्या टोकावर कमाई होते आणि खालच्या टोकावर खर्च."

तर त्या फोटोत दार होतं, दारामागे अर्धे कवळीवाले होते, आणि त्यांच्या खांद्यावरून कपाटातला वरचा कप्पा दिसत होता. त्या कप्प्यात एक जोड होता. पांढरा, बाजूला मरून रंगाचा पट्टा, जाड फुगीर सोल.

"बाबा, इकडे ये लवकर!" मुलगी आतून ओरडली. "चार हजार लोकांना आवडलंय."

"दार?"

"दार कसलं! तो मरून पट्ट्याचा जोड. एक जण विचारतोय, डेडस्टॉक आहे का."

"डेड? कोण गेलं?"

"कोणी नाही गेलं. डेडस्टॉक म्हणजे एकदाही न घातलेला."

"मग तसं म्हणावं ना माणसाने. आणि हा दुसरा काय म्हणतोय?"

"हा म्हणतोय, काका लेजंड आहेत."

कवळीवाल्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. पन्नाशी उलटलेल्या माणसाला लेजंड म्हणणारं घरात कोणी नसतं. "बरं, तिसरा?"

"तिसरा विचारतोय, दार विकायचंय का."

त्या मरून पट्ट्याच्या जोडाची गोष्ट सांगायची तर पीटी मास्तरांपासून सुरुवात करायला हवी.

पीटी मास्तर शाळेत खेळ शिकवायचे. गळ्यात शिट्टी, आवाज शिट्टीपेक्षा मोठा. मैदानाशेजारी खेळाच्या सामानाचं एक अरुंद दुकान होतं आणि तिथला म्हातारा मालक गिऱ्हाईक आत आलं की आधी त्याच्या पायांकडे बघायचा, मग चेहऱ्याकडे. त्या दुकानात एकदा एकाच खोक्याला दोघांनी एकाच वेळी हात घातला. दोघांचा पाय नऊ नंबरचा. भांडण व्हायचं, ती मैत्री झाली. मग दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी दोघं दुकानात जायचे. काय आलंय हे आधी कळायचं काही साधन नव्हतं. जायचं, मालकाशी तासभर बोलायचं, त्याच्या गुडघ्याची चौकशी करायची, मग तो शिडीवर चढून मागून एखादा खोका काढायचा, तोही मनात आलं तर. खोका उघडला की तिघंही आत डोकवायचे. त्या नव्या रबराचा वास कवळीवाल्यांना अजून आठवतो. कोणता जोड किती दुर्मीळ आहे हे तिघांपैकी एकालाही ठाऊक नव्हतं. छान आहे की नाही एवढंच कळायचं, आणि त्यावरही वाद व्हायचे.

दोघांत फरक एकच. मास्तर घेतलेला बूट दुसऱ्या दिवशी पायात घालायचे आणि त्याने पुढून तोंड उघडेपर्यंत काढायचे नाहीत. कवळीवाले मात्र 'चांगल्या दिवसासाठी' ठेवायचे.

दुकान बंद झालं त्या दिवशी शिडीवरून शेवटचा एकच जोड खाली आला. तोच, मरून पट्ट्याचा. नऊ नंबर. कवळीवाले म्हणाले, तू घे. मास्तर म्हणाले, तू घे. असं पाच-सहा वेळा झाल्यावर मास्तरांनी दोन्ही बूट पायात चढवले, दोन पावलं चालले, आणि थांबले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. काही न बोलता त्यांनी बूट काढले, खोक्यात ठेवले आणि खोका कवळीवाल्यांकडे सरकवला. "तू ने. पण घालून फिर म्हणजे झालं."

एखाद्याने आपल्यासाठी एवढं करावं! कवळीवाल्यांना त्या रात्री जेवण गेलं नाही. आणि एवढ्या मोलाचा जोड घालून चिखलात फिरायचं म्हणजे त्या मैत्रीचाच अपमान, असं समजून त्यांनी तो वरच्या कप्प्यात ठेवला. त्याला आता चोवीस वर्षं झाली होती.

मुलीने पानाचं नाव ठेवलं 'बाबांचं कपाट'. महिन्याभरात घराची रचना बदलली. कवळीवाले लॅबमधून पातळ हातमोजे आणू लागले. बूट हातात घ्यायचा तर ते घालून. अडतीसच्या अडतीस जोड त्यांनी स्वयंपाकघरातल्या पारदर्शक प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळले, हवासुद्धा आत जाता कामा नये. हे त्यांना इंटरनेटवरच्या एका वीस वर्षांच्या तज्ज्ञाने शिकवलं होतं. बैठकीत शिंकायला बंदी आली.

"शिंक आली तर काय करू?" बायकोने विचारलं.

"गॅलरीत जायचं."

"आणि गॅलरीपर्यंत पोचले नाही तर?"

"आधी अंदाज घ्यायचा."

बायकोने त्यांच्याकडे निरखून बघितलं. "आमच्या लायब्ररीत अशी काही पुस्तकं आहेत," ती म्हणाली. "फार मौल्यवान म्हणून कुलपात ठेवलेली. वीस वर्षांत एकदाही कुणाला दिली नाहीत. मागच्या महिन्यात कपाट उघडलं, तर नुसती पुठ्ठ्याची कव्हरं उरली होती. आतलं सगळं वाळवीने वाचून काढलं."

"बुटांना वाळवी लागत नाही," कवळीवाले म्हणाले. (इंटरनेटवर तसं लिहिलेलं होतं.)

मग भाव कळले. आतापर्यंत त्यांना कपाट उघडलं की माणसं आठवायची, हा मालकाने शिडीवरून पडता पडता काढलेला, हा मास्तरांशी नाड्यांची अदलाबदल केलेला. आता कपाट उघडलं की आकडे दिसू लागले. मुलीने एक साइट दाखवली होती, तिथे शेअर बाजारासारखा प्रत्येक बुटाचा भाव वर-खाली व्हायचा. सकाळी चहाच्या आधी कवळीवाले ती बघायचे. एखादा जोड खाली आला की तो त्यांच्या नजरेतूनही उतरायचा. सोळा वर्षं ज्याच्यावर जीव होता त्या निळ्या जोडाला त्यांनी दोन टक्क्यांसाठी खालच्या कप्प्यात टाकलं.

नवे बूटही घ्यायचे होते. पण आता दुकानात जाऊन बूट मिळत नव्हते. कंपन्या थोडेसेच बूट काढायच्या आणि रविवारी सकाळी बरोबर सात वाजता फोनवर त्यांची सोडत व्हायची. लाखभर माणसं एकाच क्षणी बटण दाबायची. कवळीवाले साडेसहापासून आंघोळ करून, अंगठा शेकून तयार बसायचे. सात वाजून एका सेकंदाने पडद्यावर यायचं, 'क्षमस्व'. आणि सात वाजून पाच मिनिटांनी तोच बूट चौपट भावाने दुसरीकडे दिसायचा. एकाही रविवारी त्यांना काही मिळालं नाही. तरी पुढच्या रविवारी ते बसायचेच.

रविवारी सातला आणखी काहीतरी असायचं, हे त्यांच्या लक्षातच राहिलं नाही. वीस वर्षं दर रविवारी सात वाजता ते आणि पीटी मास्तर मैदानाच्या फाटकाशी भेटायचे. दोन फेऱ्या, मग मास्तरांकडे चहा.

लॅबमध्येही लक्ष नव्हतं. एका दुपारी डॉक्टरांचा फोन आला. "अहो, तुम्ही पाठवलेली कवळी बाईंना बसली, पण तोंड मिटत नाहीये. पाऊण तास झाला, बाई हसताहेत."

"मग चांगलंच आहे की."

"काय चांगलं? त्या संतापल्यात! पण दिसतच नाहीये ना ते!"

चौकशी केल्यावर कळलं, की एका धिप्पाड निवृत्त न्यायाधीशांचे दात चुकून या चिमुकल्या आजीबाईंकडे गेले होते आणि न्यायाधीश तिकडे ओठ दुमडून बसले होते. कवळीवाल्यांना सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा मेमो मिळाला.

आणि मग बुटांच्या एका डीलरचा फोन आला. तिशीतला तरुण, बोलायला अगदी गोड. मरून पट्ट्याच्या जोडासाठी त्याने जो आकडा सांगितला, तेवढ्यासाठी कवळीवाल्यांना चार महिने कवळ्या घासाव्या लागल्या असत्या. डीलर म्हणाला, पानावर आधी जाहीर करा, उत्सुकता वाढते. कवळीवाल्यांनी मुलीकडून लिहून घेतलं, 'विकणे आहे. चोवीस वर्षं जपलेला, एकदाही न घातलेला.'

खाली शेकडो प्रतिक्रिया आल्या. त्यांत एक पीटी मास्तरांची होती. नुसता उभा अंगठा.

मास्तर साध्या वाढदिवसाच्या शुभेच्छासुद्धा तीन परिच्छेदांत लिहिणारे. त्या अंगठ्याकडे कवळीवाले बघतच राहिले.

"छान आहे म्हणताहेत मास्तर," मुलगी म्हणाली.

"नाही," कवळीवाले म्हणाले. "तो असं म्हणत नाही."

व्यवहार एका मोठ्या प्रदर्शनाच्या हॉलमध्ये व्हायचा होता. तिथे दोन दिवस बुटांचा मेळा भरला होता. शनिवारी कवळीवाले मुलीला घेऊन गेले. लांबच लांब टेबलं, काचेच्या पेट्या, पेट्यांत दिवे. एका टेबलाशी एक तज्ज्ञ बसला होता, तो बूट अस्सल आहे की नकली ते सांगायचा. त्याने भिंगातून शिवण बघितली आणि मग डोळे मिटून बुटात नाक घातलं. त्या नाकाकडे बघताना कवळीवाल्यांना तो नव्या रबराचा वास आठवला, आणि तिघांची एकत्र आलेली डोकी.

"अस्सल," तज्ज्ञ म्हणाला. "सोल जरा पिवळा पडलाय, पण शोकेससाठी उत्तम."

डीलर खूश झाला. कवळीवाल्यांनी सहज त्याच्या पायांकडे बघितलं (सवय, त्या मालकाची). पायात साध्या रबरी सपाता होत्या.

"तुम्ही नाही घालत?"

"काका, मी वर्षाला चारशे जोड विकतो. घालायला लागलो तर विकणार काय?"

"बरं, हा जोड कोण घेईल?"

"आहे एक गिऱ्हाईक. तो ठेवेल सहा महिने, मग पुढे विकेल."

"आणि तो पुढचा?"

"तोही विकेल."

"मग शेवटी घालणार कोण?"

डीलरने जरा विचार केला. प्रामाणिक मुलगा होता. "काका," तो म्हणाला, "घालणारा आला की भाव पडतो."

कवळीवाले खोका हातात घेऊन हॉलच्या मधोमध उभे राहिले. आजूबाजूला हजार माणसं होती आणि जो तो फोनमधून बुटांकडे बघत होता. कोणी कोणाला त्याच्या गुडघ्याविषयी विचारत नव्हतं. आपणही गेले काही महिने असंच कोणाला काही विचारलेलं नाही, हे त्यांना तिथे आठवलं. त्यांनी डीलरला सांगितलं, "माफ करा, जमणार नाही," आणि मुलीच्या हाताला धरून ते बाहेर पडले. बसमधून उतरताना मुलगी म्हणाली, "बरं केलंस, बाबा." मग थोड्या वेळाने, "वेडेपणा आहे, पण बरं केलंस."

दुसऱ्या दिवशी रविवार. पावणेसातला कवळीवाल्यांनी फोन उशीखाली ठेवला, खोका उघडला, प्लास्टिक आणि कागद बाजूला केला, नाड्या ओवल्या आणि मरून पट्ट्याचा जोड पायात घातला. अगदी मापात. घरातले झोपलेले होते. मैदानाच्या फाटकाशी मास्तर नव्हते. मग त्यांच्या घरीच जाऊ, असं ठरवून ते निघाले. बोलायची वाक्यंही तयार होती. 'तुझा त्याग मी विसरलो होतो,' असं पहिलं वाक्य होतं.

पहिली शंभर पावलं स्वर्गीय होती. टाच टेकली की खाली मऊ मऊ दबत होतं, जसं गादीवरून चालावं. काय ही जुनी बांधणी, कवळीवाले मनात म्हणाले. पुढच्या शंभर पावलांत ते आणखी मऊ झालं. मग उजव्या बाजूने चर्र असा आवाज आला.

मागून कुत्र्याला फिरवणारी एक बाई येत होती. "अहो, तुमचं काहीतरी सांडतंय."

कवळीवाल्यांनी खिसे चाचपले. "नाही हो."

"सांडतंय. त्या कोपऱ्यापासून सांडतंय. आमचा ते खायला बघतोय."

त्यांनी वळून बघितलं. फुटपाथवर कोपऱ्यापासून त्यांच्यापर्यंत पांढऱ्या-पिवळ्या चुऱ्याची रेघ आली होती. ओल्या बिस्किटासारखे तुकडे. त्यांनी पाय उचलून खाली बघितलं आणि सोलचा मागचा अर्धा भाग शांतपणे गळून पडला.

परत जावं, तर घर लांब. पुढे जावं, तर मास्तरांचं घर चौक ओलांडून. ते पुढे निघाले, हलक्या पावलांनी, टाच न टेकवता. चौकाच्या मधोमध डाव्या पायाचा सोल एकसंध सुटला आणि रस्त्यावरच्या पट्ट्यांवर मागेच राहिला. कवळीवाले तो उचलायला परत फिरले. सिग्नल सुटला. एका टॅक्सीवाल्याने काच खाली करून विचारलं, "काका, मदत करू का, की असंच असतं?" बसथांब्यावरच्या लोकांनी फोन वर धरले. तो सोल उचलला तर त्याचे हातात तीन तुकडे झाले. ते खिशात कोंबून, पायांच्या वर बूट आणि खाली निव्वळ मोजे अशा अवस्थेत कवळीवाले मास्तरांच्या इमारतीचे तीन मजले चढले आणि त्यांनी बेल वाजवली.

मास्तरांनी दार उघडलं. आधी पायांकडे बघितलं, मग चेहऱ्याकडे, मग परत पायांकडे.

"वरची शाबूत आहे, खालची पडली," मास्तर म्हणाले. "ही तर तुझ्याच लॅबची केस."

कवळीवाल्यांची सगळी तयार वाक्यं खिशातल्या सोलसारखी झाली. "विकला नाही मी," एवढंच ते बोलले.

"दिसतंय ते. आता घेणार कोण? ये आत. आणि हे मोजे कसले, पिवळे-हिरवे?"

"बायकोचे. घाईत दोरीवरून ओढले." ते खुर्चीत बसले. "मास्तर, तुझा त्याग मी..."

"कसला त्याग?"

"त्या दिवशी दुकानात. तू हा जोड मला दिलास. डोळ्यांत पाणी आलं होतं तुझ्या."

मास्तर म्हणाले, "अरे, चावत होता तो मला."

"काय?"

"उजव्या करंगळीला. दोन पावलं टाकली आणि डोळ्यांतून पाणीच आलं. मापाला नऊ, पण आतून अरुंद."

"मग बोलला का नाहीस?"

"बोलणार होतो. पण तू माझे दोन्ही हात हातात घेतले होतेस. तू इतका भारावला होतास, की मलाही वाटायला लागलं, आपण काहीतरी थोर केलं."

चोवीस वर्षं ज्या उपकाराखाली ते वाकले होते तो एका करंगळीचा होता. मोकळं वाटावं, तसं काही वाटेना. "म्हणजे तुला राग आला नव्हता?"

"आला होता."

"बूट विकायला काढला म्हणून?"

"बूट वीक, नाहीतर भाजीसारखा चीर!" मास्तरांचा आवाज शिट्टीच्या वर गेला. "चार रविवार मी फाटकाशी उभा होतो. पहिल्या रविवारी वाटलं, आजारी असशील. फोन केला, तू उचलला नाहीस. दुसऱ्या रविवारी तुझ्या त्या पानावर बघितलं, तर तू हातमोजे घालून बुटावर फुंकर मारत होतास. तरी तिसऱ्या रविवारी गेलो. चौथ्याही गेलो. साडेसातपर्यंत थांबायचो. तो फाटकावरचा रखवालदार मला विचारतो, साहेब, तुमचं कोणी येणार होतं का?"

मास्तर उठून खिडकीशी गेले. पाठमोरेच म्हणाले, "काय सांगणार त्याला?"

सोडतीचं सांगावं, तर ते स्वतःलाच ऐकवत नव्हतं. "चुकलं माझं," ते म्हणाले. आवाज नीट लागला नाही, म्हणून परत म्हणाले.

मास्तरांनी चहा टाकला. चहा उकळेपर्यंत कवळीवाल्यांनी दारामागचा बुटांचा स्टँड बघितला. त्यावर दोनच जोड होते, दोन्ही टाचेकडून घासलेले.

"बाकीचे कुठे गेले? आपण सत्तर-ऐंशी जोड तरी घेतले असतील."

"संपले," मास्तर म्हणाले. जेवण संपतं तसे. "सोल असा ठेवून टिकत नाही रे. चाललं की दाबला जातो, हवा खातो. तू गुंडाळून ठेवलास, आतल्या आत ओल धरली त्याने. बरोबर किती फिरलो आपण, मैदान, शाळेच्या सहली, तुझी मुलगी झाली तेव्हा दवाखान्यात तीन दिवस घातले होते ते राखाडी. सगळे वापरून संपवले मी."

कवळीवाल्यांनी कपात बघत मान हलवली. आपल्याकडे अडतीस जोड आहेत आणि त्यांतला एकही कुठे गेलेला नाही, हे त्यांना पहिल्यांदाच मोजदाद केल्यासारखं कळलं. बहुधा त्या प्लास्टिकच्या आत सगळ्यांचं असंच पीठ होत असणार. (तसंच निघालं. सदतीसपैकी नऊ वाचले.)

चहानंतर दोघं राहून गेलेल्या दोन फेऱ्या मारायला बाहेर पडले. मास्तरांनी घासलेल्या दोन जोडांपैकी बरा जोड कवळीवाल्यांना दिला. टाच एका बाजूला झिजलेली होती, त्यामुळे चालताना ते मास्तरांसारखेच थोडे डावीकडे झुकू लागले. पण पाय सुखात होते. रखवालदाराने दोघांना बघून फाटक पूर्ण उघडलं, एरवी तो अर्धंच उघडायचा. दोन फेऱ्यांच्या चार झाल्या. न्यायाधीशांच्या दातांची गोष्ट सांगितली तेव्हा मास्तरांना इतकं हसू आलं, की बाकावर बसवावं लागलं. आता माझ्याकडे चल, बायकोला सगळं तूच सांग, असं म्हणून कवळीवाले त्यांना घरी घेऊन आले.

बेल वाजवायच्या आधीच मुलीने दार उघडलं. हातात फोन, मागे बायको.

"बाबा! तू कुठे होतास? तू व्हायरल झालायस. चौकात तो सोल उचलतानाचा व्हिडिओ. सकाळपासून दोन लाख लोकांनी बघितलाय!"

"बुटाचं फार वाईट झालं ना," कवळीवाले दारातच नाडी सोडायला वाकत म्हणाले.

"बुटाचं कोणी विचारतच नाहीये. सगळे मोज्यांच्या मागे लागलेत. पिवळे-हिरवे मोजे, कुठल्या कंपनीचे म्हणून. कालच्या त्या डीलरचा पण मेसेज आलाय. म्हणतो, काका, बूट राहू द्या, मोज्यांचं बोला. एका जोडाला त्याने आकडा पण लिहिलाय."

"माझे मोजे?" बायकोने पुढे येऊन बघितलं. "माझ्या बहिणीने विणलेले? ते घालून तुम्ही चौकात गेलात?"

कवळीवाले सावकाश सरळ झाले. त्यांनी काहीही बोलायला नको होतं. सकाळपासून इतकं शहाणपण आलं होतं, की आणखी मिनिटभर ते टिकवायला हरकत नव्हती. पण डोळ्यांत ती जुनी चमक आलीच.

"सहज विचारतो," ते म्हणाले. "किती म्हणतोय?"

मुलीने फोन खाली घेतला. बायकोने कंबरेवर हात ठेवले.

"काढ," पीटी मास्तर म्हणाले.

"काय?"

"माझे बूट. आत्ताच्या आत्ता. तुझा भरवसा नाही."

"आणि मोजेही," बायको म्हणाली.

दोन लाख लोकांनी ज्यांच्या पायांकडे टक लावून बघितलं होतं, ते कवळीवाले स्वतःच्या दारात अनवाणी उभे राहिले, आणि बाकी तिघं चहाला आत गेले.